वरमायचे तीन डाग

"साठी ओलांडली मी, पण या तोंडावर एक डाग दाखवा, लागली पैज!"

सुपारी फुटली त्या दिवशी जमुनाबाईंनी हे भरल्या बैठकीत ऐकवलं. ऐकवलं कुणाला, तर अकोल्याच्या होणाऱ्या विहिणीला, वकिलाच्या ताराबाईंना. "तुमी शहरातल्या बाया डब्यातलं थापता. आमी वावरातलं ऊन खाल्लं!"

ताराबाई गोड हसल्या. ते हसू जमुनाबाईंना लक्षात राहिलं. आता पोराच्या, गजेंद्रच्या लग्नात वरमाय म्हणून मिरवायचं ते याच चेहऱ्यानं!

आणि लग्न जवळ आल्यावर गुडघा धरला. जमुनाबाईंनी गुडघ्याला बिबा लावला अन् त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला. झालं! बिबा उतला! तोंड असं सुजलं, की चष्म्याच्या दांड्या कानापर्यंत पोचेनात. सूज उतरली, पण जाताना दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर काळेभोर डाग ठेवून गेली.

लेकीची लेक प्रणाली त्यांना स्कूटीवर घालून राजापेठेत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"आजी, आग गेली, तिची खूण राहिली. डाग जातील, पण महिने लागतील. घासायचं अजिबात नाही. ही ट्यूब रात्री, ही दिवसा, उन्हात जाताना."

"महिने? लगन आलं ना वो!"

"तुमचं?"

"पोराचं! पण सारे पाहतीन तं मलेच!"

घरी येऊन जमुनाबाईंनी डोकं चालवलं. रात्रीची ट्यूब त्या भर दुपारी थापून गच्चीवर कुरडया वाळवत बसल्या. दिवसाची रात्री लावली. वरून बेसन-लिंबानं गाल असे घासले, जणू करपलेलं भगोणं! डाग पिकल्या जांभळासारखे तकतकू लागले.

"आजी, काहून उलटं करून राहिली?"

"उलटं तुयी डाक्टरीण सांगून राहिली! अंधारात औषधाले तरी डाग दिसते का?"

"मग उन्हाची ट्यूब रात्री काहून?"

"दिवसभराचं ऊन रातच्याले उतरवा नाही लागत?"

प्रणालीनं कपाळावर हात मारला. लग्नाच्या सकाळी तिनं आजीच्या तोंडावर फाउंडेशनचे थरावर थर चढवले. खोलीत डोकावलेले खुशालराव दारातच थबकले. "ही कोण पावणी आली वं?"

"तुमचीच बायको होय! हसवू नका, भेगा पडतीन!"

अकोल्याचा मे महिना! मांडवातले कूलर गरम वाफा फेकत होते. तेवढ्यात विहीणभेट पुकारली. ताराबाईंनी जमुनाबाईंना अशी कडकडून मिठी मारली, की आधी एक गाल चिकटला, मग दुसरा. दोघी सुट्या झाल्या तेव्हा जमुनाबाईंचा सारा चेहरा ताराबाईंच्या पदराला लागला होता. आणि मागं उरले होते ते तीन डाग!

जमुनाबाईंना वाटलं, या घामासोबत आपणही वितळून जावं. ताराबाई चष्मा सावरत अगदी जवळ आल्या.

"अगंबाई! तीट लावली होय! तीन-तीन?"

जमुनाबाईंना काही सुधरेना. ही बाई टोमणा मारून राहिली, का खरंच इचारून राहिली?

ताराबाईंनी ओला रुमाल काढून गाल पुसला. पुन्हा पुसला. "काजळ काय घट्ट आहे हो! हलत नाही!"

"घरचं हाय," जमुनाबाईंच्या तोंडून निघून गेलं. अन् मग जीभ सुटली ती सुटलीच. "आमच्या घराण्यात वरमाय झाली का जन्मभर लावते! नजर लागत नाही!"

"बाई बाई, किती छान चाल! तुमच्या सूनबाईला, आमच्या जुईलीलाही शिकवा. मी येणार आहे दर सणाला, मुद्दाम बघायला!"

बायांनी माना डोलावल्या. अब्रू वाचली! जमुनाबाई मान ताठ करून मांडवभर मिरवल्या.

परतीच्या गाडीत प्रणालीनं दोन्ही ट्यूबा त्यांच्या हातात दिल्या. "आजी, आता तरी बरोबर लाव. डाग नक्की जातीन."

जमुनाबाई बडनेरा येईपर्यंत त्या ट्यूबांकडं पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, हे डाग गेले, तं याच जागी मले जन्मभर काजळ लावा लागन का वं?"