नानांनी उघडलेलं दार

बबननाना आमच्या घरी आले की आधी खिडकी उघडतात, मग चपला काढतात. हा क्रम कधी चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

मला बारमाही सर्दी. नसरापूरच्या शाळेत शास्त्र शिकवतो, म्हणजे खडूची धूळ नाकात आहेच, आणि वर नशिबी हा शेजार. कामथडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. जानेवारीच्या गारठ्यात मी कानाला मफलर गुंडाळून चहा घ्यायला बसलो की हे येणार, खिडकीची दोन्ही दारं फटाफट उघडणार आणि म्हणणार, "हवा न्हाई तितं जीव न्हाई, मास्तर." मी शिंकायचो. "बगा, सर्दी भाईर पडाय लागली," असं म्हणून वर तेच खूश व्हायचे.

नाना एसटीत कंडक्टर होते. सगळ्या काचा सरकल्याशिवाय त्यांनी कधी डबल बेल दिली नाही. वेल्ह्याच्या बाजूला पाऊस आडवा येतो, तरी यांचं एकच, "काच सरकवा. मान्सं हायेत, डालग्यातल्या कोंबड्या न्हाईत." प्रवासी वेल्ह्याला उतरायचे ते एका अंगानं भिजूनच. एका बाईनं उतरताना भर स्टँडवर पदर पिळून दाखवला, तर नाना तिला म्हणाले, "छाती मोकळी झाली का न्हाई, ते सांगा."

रिटायर झाल्यावर सगळा भार घरावर आला. धान्याला श्वास घेता यावा म्हणून त्यांनी घरातल्या डब्यांच्या झाकणांना खिळ्यानं भोकं पाडली. त्यात पापडांचा डबाही सापडला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पुढे महिनाभर त्यांना ताटात रोज सादळलेला पापड वाढला, एक शब्द न बोलता. नानांनी तो मिटक्या मारत खाल्ला.

आणि अशा माणसाच्या सुनेचे गर्भ एका बंद पेटीत ठेवायची वेळ आली.

सून सारिका, मुलगा महेश. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. सारिका कापूरहोळला एका दुकानात हिशेबनीस आहे, स्कूटरवरून जाते येते. पोर गुणी, पण या एका गोष्टीनं पार मिटून गेलेली. शेवटी पुण्याच्या एका दवाखान्यात उपचार सुरू केले. तिची बीजं काढून बाहेर लॅबमध्ये फळवली. दोन गर्भ तयार झाले. पाच दिवस ते तिथंच वाढवायचे, मग एक पोटात सोडायचा आणि दुसरा गोठवून ठेवायचा, असं ठरलं.

हे महेशनं घरी समजावून सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ठेवलेत कुठं?"

"पेटीत. इन्क्युबेटर म्हणतात."

"झाकण?"

"बंद असतंय की. हवा लागू देत न्हाईत."

नानांचा चेहरा असा उतरला, की महेश पाणी आणायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे. टोपी, धुतलेला शर्ट आणि दोन्ही हातांत तुळशीची कुंडी. म्हणाले, "मास्तर, गाडी काढा. तुळस परानवायू सोडती, तुमच्याच पुस्तकात हाय. पेटीजवळ ठिवून येऊ." मी म्हणालो, असं चालत नाही, नाना. ते म्हणाले, मग मी एसटीनं जातो. कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसलेले नाना डोळ्यांपुढे आले आणि मी गाडी काढली. माझ्या सर्दीची शपथ, मी फक्त त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत सोडणार होतो.

पण नाना तिसऱ्या मजल्यावर कधी पोचले ते मला कळलंच नाही. मी धापा टाकत वर गेलो तर 'प्रवेश बंद' लिहिलेल्या दारावर ते पंचनं टकटक करत होते. तीस वर्षं एसटीच्या दांड्यावर ज्यानं टकटक केली तोच तिकिटाचा पंच, अजून खिशात असतो. दार उघडलं. निळी टोपी, तोंडाला मास्क, अशा एक बाई होत्या. दार मिटू नये म्हणून नानांनी झटक्यात कुंडी उंबऱ्यात सरकवली.

"बाई, एवढी आत ठिवा. आमची दोन लेकरं हायेत हितं."

त्या बाई कुंडीकडे पाहतच राहिल्या. माती, मुंग्या, वर हळदकुंकू. मग त्यांनी पायानंच कुंडी बाहेर ढकलली, दार लावून घेतलं आणि पॅसेजमध्ये आल्या. मला वाटलं, आता आमची वरात खाली जाणार. पण त्या रागावल्या नाहीत.

"आजोबा, त्यांना प्राणवायू जास्त चालत नाही. बाहेरच्या हवेत शंभरातला एकवीस भाग प्राणवायू असतो. पेटीत आम्ही पाचच ठेवतो."

"पाच?" नाना म्हणाले. "येवढी मोठी गाडी आन् पाचच शिटं?"

"आईच्या पोटातही तेवढाच असतो. वांगं चिरून ठेवलं की काळं का पडतं? हवेनंच ना? तसं. एवढ्या नाजूक जिवाला जास्त प्राणवायू सोसत नाही."

नाना मटकन जिन्यावर बसले. कुणीतरी कानफटात मारावी तसं त्यांचं तोंड झालं होतं. माझंही काही वेगळं नव्हतं. प्राणवायू म्हणजे जीवन, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू आपोआप चालतो. आणि इथं जीव वाचवायला तोच कमी करत होते. नाना माझ्याकडे वळले, "मास्तर, तुमी मग शिकिवता तरी काय?" मी वाकून कुंडी उचलली.

परत येताना कात्रजपासून घरापर्यंत ते गाडीत काच लावून बसले होते. मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

पाचव्या दिवशी गर्भ पोटात सोडला. दोन आठवड्यांनी तपासणी झाली. राहिला नव्हता.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओसरीवर पाचसहा माणसं जमली होती. वेल्ह्याहून नानांची थोरली बहीण, आक्का, मुद्दाम आली होती. आक्काचा आवाज तोरण्यावरून खाली ऐकू यावा असा. ती म्हणत होती, "सकाळच्या पारी स्कूटर उडवायची, भाईरचं खायाचं, मंग काय व्हनार? आमी न्हाई का पोरं काडली?" कुणी पपईचं नाव काढलं, कुणी नोकरीचं. सारिका आत कपबशा विसळत होती. त्याच त्या कपबशा पुन्हा पुन्हा विसळल्याचा आवाज येत होता. मला बसवेना, उठून जाववेना.

नाना खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "आक्का, तिचं काई चुकलं न्हाई. म्या लॅबचं दार उगडलं."

सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

"आत पाच टक्केच लागतंय. म्या कुंडी आडवी घातली, अर्धा मिनिट दार उगडं ऱ्हायलं. भाईरली एकवीस टक्के आत गेली. लेकरू त्येनं गेलं."

आक्कानं मग नानांना जे धुतलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. खिडक्यांचं, पापडांचं, जुनं सगळं निघालं. नाना मान खाली घालून ऐकत होते. स्कूटरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आत कपबशा थांबल्या होत्या.

मी मात्र हादरलो. हा माणूस हे मनात घेऊन खचून जाईल, असं मला वाटलं. लोक गेल्यावर मी त्यांना अंगणात गाठलं. "नाना, तसं नसतं हो. मी लॅबमधल्या त्या बाईंना फोन लावतो, त्याच सांगतील."

"नगा लावू. म्या जाऊन आलोय."

"कधी?"

"परवा. यष्टीनं. इचारलं, माज्यामुळं गेलं का. त्या म्हनल्या, आजोबा, त्ये दार निस्तं आफिसचं. त्येच्या आत आनि दोन दारं हायेत, आन् पेटीची हवा पेटीपाशीच. तुमच्यानं काईबी झालं न्हाई. कुनाच्याच हातनं झालं न्हाई, म्हनल्या. काई काई येळा गर्भ धरतच न्हाई."

मी चाट पडलो. "मग आत्ता हे काय सांगितलंत?"

"कुनाचंच चुकलं न्हाई, ह्ये आक्काला पटंल का? तिला कुनीतरी लागतंय. मंग म्या बरा. माजं काय ऱ्हायलंय आता. सारिकेला अजून एकदा जायाचंय तितं, दुसऱ्या गर्भासाटी. ह्ये समदं डोक्याव घिऊन कशी जाईल पोर?"

"सारिकाला ठाऊक आहे?"

"तिला कालच खरं सांगितलंय. म्या अंगावर घेतो म्हनलं, तर नगं म्हनत हुती. लई रडली. म्या म्हनलं, तू गप ऱ्हा. तुमीबी गप ऱ्हावा, मास्तर."

मी नाक शिंकरलं, आणि या वेळी सर्दीनं नाही. रोज माझ्या उरावर बसणारा हा माणूस मला कळलाच नव्हता, याची लाज वाटली.

दोन दिवसांनी नसरापूरच्या स्टँडवर आक्का भेटली. वेल्ह्याची गाडी लागायची होती आणि भोवती तिच्या ओळखीच्या चारपाच बाया होत्या. तिनं मला लांबूनच हाक मारली. "ओ मास्तर, तुमी तर सायन्सवालं. खरं सांगा, बबननं दार उगडलं म्हनूनच झालं ना ह्ये?"

बाया माझ्याकडे बघत होत्या.

"होय आक्का," मी म्हणालो, "नानांचीच चूक."