आई हलते आहे

माणसाची काळजी घ्यायची, तर आधी ते कुठे आहे हे कळायला हवं. कसं आहे, हे नंतर विचारता येतं. (नाही विचारलं तरी अडत नाही.)

या तत्त्वाला जागून थोरल्याने आईच्या दोन खोल्यांत रेडिओलहरींचं यंत्र बसवलं. कॅमेरा नाही, कारण आईचा मान राखायला हवा. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्या लहरी सोडतात, त्या अंगावर आपटून परततात आणि लेकाच्या फोनवर हिरवा ठिपका फिरतो. ठिपका स्वयंपाकघरात गेला, म्हणजे आई जेवली. सबब "जेवलीस का?" हा प्रश्न कालबाह्य झाला, आणि तो विचारणारा रविवारचा फोनही.

एका दुपारी उसवलेली उशी शिवताना आईचा डोळा लागला. ठिपका लाल झाला. थोरला कामावरून धापा टाकत आला.

"आई! काय झालं गं?"

"काही नाही रे, डुलकी लागली. बस, चहा टाकते."

तो बसला. चक्क दोन कप प्यायला. आईच्या पायाला सूज आहे, हे त्याला त्या दिवशी दिसलं. (यंत्राला सूज दिसत नाही. सूज हलत नाही.) "डॉक्टरांकडे जाऊ एकदा," असं म्हणून तो गेला.

पुढच्या आठवड्यात आई मुद्दामच पुतळ्यासारखी बसली. तो आला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात आला, पण चहा न घेता. मग त्याने कंपनीकडे तक्रार केली आणि कंपनीने तत्परतेने यंत्राला शिकवलं: या बाईंचं न हलणं मनावर घ्यायचं नाही.

त्यानंतर आई दोन कप मांडून दिवेलागणीपर्यंत बसली. कुणी फिरकलं नाही.

सकाळी तिने पिशवी भरली आणि सरळ बहिणीचं घर गाठलं. बहिणीने दारातच विचारलं, "अगं बाई, पाय केवढा सुजलाय! कधीपासून?" तेव्हा कुठे आईला रडू फुटलं.

निघायच्या घाईत पंखा चालूच राहिला होता. पडदा हलत होता, ठिपका हिरवा होता. थोरला महिनाभर सगळ्यांना सांगत होता, "आई ठणठणीत आहे. हल्ली तर रात्रीसुद्धा हलते."

त्याला नावं ठेवायला वाचक मोकळे आहेत. शंका एवढीच, की त्याला निदान डब्या तरी लागल्या. तुमच्याकडे डबी नाही, फोन तुम्ही केलेला नाही, तरी "आई मजेत आहे" असं तुम्ही छातीठोकपणे सांगता. ही कुठली लहर, ते कंपनीला जाणून घ्यायचं आहे.