दामल्यांचा डबा

आमच्या शेजारच्या दामल्यांनी घरातल्या सगळ्या कपांचे कान तोडून टाकले होते. चहा घेताना बोटं भाजायची. मी कुरकुरलो की म्हणत, "कानातून चहा पिता का? मग उगाच वजन कशाला?"

तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं तिथेच नोकरीला, राहायला बोईसरला. दामले एकटेच. संध्याकाळी घरी दुर्बीण बनवत, तीही गॅमा किरणांची. तिला ना भिंग, ना आरसा. हे किरण दोन्हींतून आरपार जातात. मध्ये एक स्फटिक, भोवती शिसं, म्हणजे समोरून येईल तेवढंच मोजायचं. सगळं एका डब्यात. मुंबईतल्या एका संस्थेला परदेशी उपग्रहात छोटीशी जागा मिळाली होती. डबा तीन किलोच्या आत बसला तर ती जागा दामल्यांची. हा माणूस त्या एका आशेवर जगत होता.

साइटवरच्या काट्यावर तोलायला डबा गेटातून आत नेता येईना, म्हणून दर रविवारी तो बाजारात जमनाकाकीच्या तराजूत बसे. जवळच्या दांडी गावची ही काकी सुकी मासळी विकायची.

"काय भाऊ, आज पन डबाच? बोंबील नाय घ्यायचं?"

दामले शुद्ध शाकाहारी. नाकाला रुमाल लावून पारड्यांकडे बघत. डबा खाली गेला की चेहरा पडे, आणि घरी येऊन पुन्हा कानस घेऊन बसत. एका रविवारी मात्र पारडी बरोबरीला आली. "जमला बगा तुमचा डबा," काकी म्हणाली.

दामले मुंबईला गेले आणि डब्यासकट परत आले. तिथल्या काट्यावर तो जास्त भरला होता. जागा दुसऱ्याला गेली. "जरा जड झालं," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी ते डबा घेऊन पुन्हा काकीपुढे. तराजूतच खोट असणार, आता काकीची धडगत नाही, असं मला वाटलं. काकीने एका हाताने तराजू उचलला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हळूच वजनांच्या पारड्यावर टेकवला. ह्यांचा चेहरा पडू नये म्हणून. मी बघितलं. दामल्यांनीही बघितलं.

"मग? पास झाला का मुंबईला?"

दामले अंगठ्याकडे बघत राहिले. रुमाल त्यांनी खिशात ठेवला.

"झाला, काकी. हा नमुना. असाच दुसरा बनवून वर पाठवणार आहेत. तुमचा तराजू बरोबर आहे."

काकी खूश झाली.

"मूठभर बोंबील द्या," दामले म्हणाले. "तोलू नका."

घरापर्यंत तो पुडा त्यांनी माझ्या हातात दिला नाही.