भूल देण्याआधीची माफी

माणसाचे मन मुळात फार मोठे असते. फक्त ते उघडण्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी छाती उघडावी लागते. हे सत्य मी कुठे वाचलेले नाही. हृदयविभागात खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ते मी स्वतः पाहिले आहे.

रुग्ण माझे साडू. साडू या नात्याला रुग्णालयात फार मोल आहे. रक्ताचे नाते नसल्याने रडण्याची अपेक्षा नसते, आणि अगदीच परका नसल्याने घरी जायची सोय नसते. म्हणून स्टूल साडूला मिळते. (खुर्ची सख्ख्या नातेवाइकांसाठी राखीव असते. ते आले की बसतात.)

साडू मोटार शिकवण्याचा वर्ग चालवतात, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. दुसऱ्याच्या हाती चाक देऊन, स्वतः त्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तर उभे आयुष्य शांतपणे बसत आले. इतक्या शांत माणसाचे हृदय ठणठणीत असणार, असा सगळ्यांचा समज होता. मास्तरांचाही होता. म्हणून परवान्याच्या नूतनीकरणाला लागणारा तब्येतीचा दाखला आणायला ते एकटेच गेले. गाडी त्यांनी रुग्णालयाच्या फाटकासमोर, 'आलोच' म्हणून लावली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, भुवया जवळ आणल्या आणि ईसीजीला पाठवले. तिथून अँजिओग्राफीला. संध्याकाळी निष्पन्न झाले की हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद आहेत आणि बायपास ताबडतोब करावी लागेल. सकाळी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढलेल्या माणसाला आता मुतारीपर्यंत चाकाच्या खुर्चीतून नेऊ लागले.

"अहो, मी चालत आलोय!" मास्तर म्हणाले.

"त्याचंच आम्हाला आश्चर्य वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

('ताबडतोब' हा रुग्णालयीन शब्द आहे. शस्त्रक्रियागृह रिकामे होईल तेव्हा, असा त्याचा अर्थ.)

बातमी पसरली, आणि भेटीच्या वेळात माफीचे कामकाज सुरू झाले. त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून रुग्णाकडे न बघता मॉनिटरकडे बघायचे. मग जवळ येऊन हात हातात घ्यायचा. सुई टोचलेला घेऊ नये, पण बहुतेक जण तोच घेतात. मग "झालं गेलं विसरून जा" असे म्हणायचे. नेमके काय झाले आणि काय गेले याची चर्चा या टप्प्यावर करत नाहीत. माझ्या पाहणीनुसार आलेल्यांपैकी निम्म्यांनी मास्तरांची माफी मागितली आणि निम्म्यांनी त्यांना माफ केले. ज्यांची चूक होती ते बहुधा दुसऱ्या गटात आढळले.

मास्तरांच्या वर्गासमोर राहणारे गृहस्थ आले. वर्गाच्या तोंडावर स्वतःची गाडी आडवी लावण्याचा त्यांचा जुना नेम, आणि त्यावरून जुनी धुसफूस. त्यांनी डोळे पुसत सांगितले, "मास्तर, गाडी कायमची काढली बघा तिथून. तुम्ही फक्त बरे होऊन या." मास्तरांनाही भरून आले. या दराने माणुसकी वाढत गेली तर शहरातली वाहतूक सुधारायला आणखी थोडीच हृदये बंद पडायला हवीत, असा विचार माझ्या मनाला चाटून गेला.

आणि मग धाकटा भाऊ आला.

या दोघांचे बोलणे कधीचे बंद होते. धाकट्याचे लग्न ठरले तेव्हा तो होणाऱ्या सासऱ्यांना शिकाऊ गाडीतून फिरवायला निघाला. शेजारी अर्थातच मास्तर. वाटेत एक सायकलवाला आला, मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, आणि मागे बसलेल्या सासऱ्यांचे कपाळ पुढच्या सीटवर आपटले. लग्न झाले, पण जावयाला गाडी येत नाही हे सासरी कायमचे नोंदले गेले. पुढे धाकट्याला मुलगी झाली, मुलीला चष्मा लागला, तरी भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

"दादा, चूक माझी होती रे," धाकटा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"नाही रे. पाय माझाच होता," मास्तर म्हणाले.

मी स्टूल उचलून खिडकीपाशी गेलो. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, पदर डोळ्यांना लावला. समोरच्या खाटेवरचा रुग्णही रडला. त्याला भेटायला अजून कोणी आले नव्हते. त्या दिवशी मास्तरांना टेबलावर घेतले असते, तर हे सारे प्रकरण किती देखणे झाले असते!

पण दुसऱ्या दिवशी एक अपघात आला आणि मास्तरांचा नंबर पुढे ढकलला. उपाशी ठेवलेल्या मास्तरांना दुपारी जेवण देण्यात आले. त्यानंतर एक आणखी तातडीचे हृदय आले. मग भूल देणारे डॉक्टर स्वतःच तापाने पडले.

येथे व्यवस्थेतील एक मोठी उणीव उघड होते. रुग्णाने किती थांबावे हे ठरलेले नाही, हे ठीक. पण माफीने किती टिकावे हेही कोणी ठरवलेले नाही. ती एका भेटीपुरती बनवलेली असते. वर्गासमोरचे गृहस्थ दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्याकडे नवीन बोलण्यासारखे काही उरले नव्हते. "अजून नाही झालं?" त्यांनी विचारले. लांबलेल्या बसची चौकशी करावी, तसा सूर होता. धाकटा मात्र रोज येत होता. पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी मोसंबी सोलत बसला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला,

"तसं बघायला गेलं तर दादा, सायकलवाला लांब होता."

"लांब? हात बाहेर काढला असता तर त्याची टोपी हातात आली असती."

"मी दाबणारच होतो ब्रेक!"

"कधी? त्याच्या तेराव्याला?"

मॉनिटर टिवटिव करू लागला. सिस्टर धावत आल्या. "काय चाललंय? भांडताय का तुम्ही?"

"नाही हो, बोलतोय," दोघे एकदमच म्हणाले.

सिस्टरनी मॉनिटरचा आवाज कमी केला आणि निघून गेल्या. अनुभवी होत्या.

याच काळात माझ्याकडे दोन गुपिते जमा झाली. मास्तर एका दुपारी हळूच म्हणाले, "साडूभाऊ, मला फार भीती वाटतेय. हिला सांगू नका, खचेल." त्याच संध्याकाळी व्हरांड्यात मेहुणी म्हणाली, "भाऊजी, माझे हातपाय गळालेत. ह्यांना कळू देऊ नका." दोन्ही गुपिते मी इमानाने सांभाळली. परिणामी दोघे एकमेकांना दिवसभर धीर देत राहिले, आणि धीर दोघांपैकी कोणालाच नको होता. अखेर नंबर लागला त्या सकाळी मात्र मेहुणी मास्तरांची नखे कापायला बसली आणि कापलेलीच नखे पुन्हा कापू लागली. मास्तरांनी बघितले आणि हात तसाच पुढे ठेवला. मी चहाला म्हणून बाहेर गेलो. चहा मी घेतला नाही.

मग मास्तरांना नेले. आम्ही बंद दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडले की सगळे उठत, आणि बाहेर येणारा सफाई कामगार संकोचून पुन्हा आत जाई. धाकटा एकटाच उभा होता. त्याचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता. त्याच्या ते लक्षातही नव्हते.

सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "छान झालंय. मजबूत माणूस आहे."

मेहुणी बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही. धाकट्याने सर्जनांना मिठी मारली. (ही पद्धत रुग्णालयाला मान्य नाही.)

मास्तर बरे झाले, आणि येथून खऱ्या गुंतागुंती सुरू झाल्या. अनेकांनी त्यांना ज्या अंदाजाने माफ केले होते तो अंदाजच चुकला. आता यांच्याशी बरीच वर्षे चांगले वागावे लागणार, हे ध्यानात येऊन लोक हवालदिल झाले. समोरच्या गृहस्थांनी मात्र घाई केली नाही. त्यांची गाडी वर्गाच्या तोंडावर परत आली ती रोज चाकभर पुढे सरकत.

घरी न्यायला धाकट्यानेच गाडी आणली. मास्तर शेजारी बसले, टाके ओढू नयेत म्हणून उशी छातीशी धरून. मी मागे. पहिल्याच वळणावर मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. तिथे अर्थात ब्रेक नव्हता. धाकट्याने गाडी भर रस्त्यात थांबवली.

"बघितलं? अजूनही!"

"मग वळण एवढं उशिरा घेतात का?"

मागच्या गाड्या भोंगे वाजवत असता दोघांनी संपूर्ण जुने भांडण पहिल्यापासून केले. मास्तर उशी दाबून इतके हसले की मला धडकी भरली. शेवटी धाकट्याने आपली माफी जाहीरपणे मागे घेतली. पण दर रविवारी तो दादाकडे येतोच, दिवसभर भांडतो आणि जेवून जातो. माफी मागे घेऊन संबंध चालू ठेवणे हा सरळसरळ नियमभंग आहे. पण त्यावर अजून कोणी कारवाई केलेली नाही.

आपलेही कोणाशी तरी बोलणे बंद असेलच. ते कोण, हे हा मजकूर वाचताना आपल्याला मघाशीच आठवले आहे. त्यांची तब्येत उत्तम आहे, ही आपली अडचण मी समजू शकतो. धडधाकट माणसाला उगीच कसा फोन करायचा? तेव्हा घाई करू नये. वेळ आली की खाट मिळेल, भेटीची वेळही कळवली जाईल. फक्त त्या खाटेवर ते असतील की आपण, एवढेच अद्याप ठरलेले नाही.