गुड्डीले जपजा

गुड्डी नावाचा मासा या जगात कधीच नव्हता. पण हे आत्ताच सांगून टाकलं तर पुढे सांगायला काही उरत नाही. तेव्हा हे वाक्य छापलंच गेलेलं नाही, असं वाचकांनी समजावं. तर, गुड्डी नावाचा एक मासा होता.

तो भंडाऱ्यात भूपेंद्रच्या घरी ऑटोने आला. सोबत आणखी दोन मासे, काचेची टाकी, बुडबुडे सोडणारी मोटर आणि टाकीच्या तळाशी पसरायची घमेलंभर गोल, बारीक गिट्टी होती. हे सगळं भूपेंद्रच्या सासऱ्यांचं, म्हणजे तुलारामांचं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस नागपूरला मोठ्या मुलाकडे जायचं होतं. सामान उतरवून ते त्याच ऑटोने एसटी स्टँडवर गेले.

टाकी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनेच, तृप्तीने दिली होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्यांचं सिरसघाट गाव गेलं तेव्हा तुलारामांना पुनर्वसनात घर मिळालं, नळ मिळाला, विजेचा खांब मिळाला. नदी काही मिळाली नाही. निदान घरात थोडं पाणी हलताना दिसावं, म्हणून ही टाकी. तुलाराम फार बोलणारे नव्हते. टाकीसोबत आलेले निळे-गुलाबी खडे त्यांनी काढून टाकले आणि आपली गिट्टी भरली, एवढीच त्या भेटीवरची त्यांची प्रतिक्रिया.

बस सुटता सुटता त्यांचा फोन आला. मागे कंडक्टर "मौदा, नागपूर" असं ओरडत होता आणि कुणाची तरी कोंबडी त्याला साथ देत होती.

"जवाईबापू, बाकी कायी नाई. गुड्डीले जपजा."

"हो मामाजी! जिवापाड जपतो!"

फोन कटला. सात वर्षांच्या लग्नात सासऱ्यांनी जावयावर सोपवलेलं हे पहिलं काम होतं. याआधी त्यांनी त्याच्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा कधी मागितला नव्हता. भूपेंद्रची छाती फुगली.

"तृप्ती, यातली गुड्डी कोनती व?"

"कोन गुड्डी?" तृप्ती कणकेच्या हातानेच बाहेर आली.

"मामाजीची मच्छी. नाव ठेवलं ना त्यायनं."

तृप्तीने टाकीत पाहिलं. तीन मासे, तिन्ही नारिंगी, तिन्ही सारखेच बावळट. "बाबांनं गाईलेबी कधी नाव नाई ठेवलं जी. मले त ते अजूनबी 'ए पोरी'च म्हणते."

"म्हातारपणी मानूस बदलते बाप्पा."

गुड्डी नेमकी कोणती हे ठरेना, म्हणून तिघांनाही गुड्डी समजून वागवायचं असं ठरलं.

भूपेंद्रचं टाइल्सचं दुकान होतं. ज्याचं जे दुकान असतं, त्याला जगात त्याच वस्तूची कमतरता दिसते. तिसऱ्या दिवशी त्याने टाकीजवळ डोळे नेले आणि त्याच्या लक्षात आलं, की गिट्टीच्या फटीफटीत घाण बसली आहे.

"पाय हे! गुड्डी उकिरड्यावर झोपून राहिली."

"मंग धुवून काढा गिट्टी."

"रोज रोज कोन धुईन? टाइल लावून देतो. एक हात फिरवला का साफ!"

त्याने दुकानातून पांढरीशुभ्र, चकचकीत टाइल आणली, मापाने कापली आणि व्हाइट सिमेंटमध्ये बसवली. हाताला सवय होती, म्हणून एका कोपऱ्याकडे ढाळही काढला. ज्या वस्तूचं एकमेव काम पाणी धरून ठेवणं आहे, तिच्यात त्याने पाणी निघून जावं अशी चोख व्यवस्था केली. सिमेंट वाळेपर्यंत दोन दिवस घरात वरण झालं नाही, कारण वरणाच्या पातेल्यात गुड्डी होती.

"आन् गिट्टीचं काय केलं?" तृप्तीने विचारलं.

"वाया कायले घालवाची? दुकानापुढच्या ओट्याची सिमेंटची ढलाई होती ना आज. घमेलंभर कमीच पडत होती."

चारदा पाणी बदलून मासे टाकीत सोडले. टाइल इतकी चकचकीत होती, की खाली आणखी तीन मासे दिसू लागले. एका गुड्डीने खालच्या गुड्डीला धडक दिली. दुसरी तिला पाहून कोपऱ्यात जाऊन बसली. तिसरी नुसती आडवी तरंगत राहिली. खाणं टाकलं की ते ढाळावरून घरंगळत एका कोपऱ्यात जाई आणि तिन्ही मासे भीतीने दुसऱ्या कोपऱ्यात. संध्याकाळपर्यंत कुणी दाणाही खाल्ला नाही. भूपेंद्रने स्वतःही जेवण सोडलं. सासऱ्यांचं पहिलं काम, आणि ते पोट वर करून तरंगत होतं.

शेवटी त्याने बाजारातून सेवकरामला बोलावून आणलं. सेवकरामने उभा जन्म तलावातली मासोळी धरण्यात आणि विकण्यात घालवला होता. जिवंत ठेवण्याचं काम त्याला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. त्याने वाकून टाकीचा तळ पाहिला.

"भाऊ, इले जमीन पाहिजे."

"टाइल आहे ना खाली."

"थे टाइल होय. जमीन नोहे. पाय टेकवाले जागा पाहिजे का नाई जीवाले?"

"मासोळीले पाय कुठं असते, सेवकराम?"

"मंग तुमाले तरी बुद्धी कुठं आहे? बंगला बांधून राहिले मच्छीले!" जाताना त्याने टाकीकडे बोट केलं. "नाई जमलं त बोलवजा. ताज्या आहेत तोवर तिघींचे भाव देतो."

त्या धमकीने भूपेंद्र कामाला लागला. छिन्नीने टाइल काढली. काच वाचली, अंगठा वाचला नाही. मग त्याला युक्ती सुचली: दुसरी टाइल कापून त्याने उलटी ठेवली, खरबरीत बाजू वर. त्या बाजूवर इंग्रजीत 'ही बाजू खाली' असं कोरलेलं होतं. गुड्डीला वाचता येत नसल्यामुळे ती लगेच शांत झाली. तिघींनी खाल्लं. भूपेंद्रही जेवला.

आठव्या दिवशी तुलाराम आले. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा होता. चपला काढून ते थेट टाकीपाशी गेले आणि वाकले.

"गिट्टी कुठं आहे?"

"काढून टाकली, मामाजी. घान बसत होती. पन गुड्डी पाहा ना, कशी टनटनीत आहे!"

"कोन गुड्डी?"

"तुमची मच्छी. तुमीच त फोनवर म्हणले, गुड्डीले जपजा."

तुलाराम सरळ उभे राहिले. 

"गिट्टीले," ते म्हणाले. "गिट्टीले जपजा म्हणलो होतो."

भूपेंद्रने तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने माशांकडे पाहिलं.

"मच्छी कायले जपाची? मच्छी बाजारात भेटते. गिट्टी आपल्या घाटावरची होती. पानी चढाच्या आदल्या दिवशी दुपट्ट्यात बांधून आनलो होतो." ते तृप्तीकडे वळले. "तुही माय जिथं धुनं धुये ना पोरी, तिथची."

"बाबा, तुमी कधी सांगतलं काहून नाई?"

"कोनी इचारलं नाई."

काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता. भूपेंद्रला वाटलं, यांनी चार शिव्या तरी द्याव्यात. शिव्यांना उत्तर देता येतं. पण तुलारामांनी फक्त विचारलं, "आता कुठं आहे?"

तो त्यांना दुकानापुढे घेऊन गेला. वरून टाइल लावलेला नवा ओटा उन्हात चमकत होता. तुलारामांनी चपला खाली काढल्या, वर चढले आणि मांडी घालून बसले. हाताने टाइल चाचपली.

"पक्का आहे?"

"वीस वर्षं हालत नाई, मामाजी," भूपेंद्र म्हणाला. चांगलं काम केल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. "उद्याच फोडतो. गिट्टी येचून देतो."

"नाई. एकदा घर फुटलं, तेवढं पुरे झालं." त्यांनी पुन्हा टाइलवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घाट त बुडाला. ह्यो बुडत त नाई ना?"

"नाई मामाजी. ढाळ काढला आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी तुलाराम एसटीने येतात. चपला खाली काढून तासभर ओट्यावर बसतात आणि रस्त्यावरची वाहतूक अशी पाहतात, जणू ती वाहून चालली आहे. त्यांच्या चपला पाहून गिऱ्हाइकंही चपला काढू लागली. मागच्या महिन्यात शेजारच्या कुंताबाईंनी तिथे हळदकुंकू वाहिलं आणि "खाली कोनता देव आहे जी?" असं विचारलं. भूपेंद्रने सांगितलं नाही. मासे तुलारामांनी परत नेले नाहीत. ते तिघेही उलट्या टाइलवर सुखात आहेत आणि तिघांचंही नाव गुड्डी आहे. मोटरच्या नळीत अडकलेला एक गोटा तेवढा सापडला. तो तुलारामांच्या सदऱ्याच्या खिशात असतो.

परवा भूपेंद्रने धरणाच्या कार्यालयात एक अर्ज दिला. आवक विभागाने त्यावर शिक्का मारून दिला आहे. अर्ज असा:

'विषय: जलाशयाचे पाणी अर्धा तास बाजूला करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, अर्जदाराची ऐकण्यात चूक होऊन सासऱ्यांची गिट्टी ओट्यात गेली आहे. तरी मौजा सिरसघाट (जुने) येथील धुण्याचा घाट उघडा पडेल, इतकेच पाणी येत्या गुरुवारी दुपारी दोन ते अडीच या वेळात बाजूला करून मिळावे. घमेले अर्जदार स्वतः आणेल. घमेलंभर गिट्टीखेरीज कशासही हात लावला जाणार नाही. काम झाल्यावर पाणी पूर्ववत करण्यास अर्जदाराची हरकत नाही. नमुन्यादाखल सदर गिट्टीचा एक गोटा सोबत जोडावयाचा होता, परंतु सासरे तो देत नाहीत. कळावे.'