अकरा चिठ्ठ्यांचा बाप

मी एक कादंबरी वाचायला घेतली आणि घरात माझ्यावर चौकशी बसली. एरवी मी वाचणाऱ्यातला माणूस नाही. म्हणजे दिवसभर वाचतोच, पण ते कागद. अठ्ठावीस वर्षं एका कचेरीच्या नोंदणी विभागात काढून मी एक विद्या मात्र कमावली आहे: कितीही जाड फाईल समोर आदळली तरी त्यातला कामाचा कागद दहा मिनिटांत हेरायचा, त्याला पिवळी चिठ्ठी डकवायची आणि बाकीच्या फायलीकडे ढुंकूनही बघायचं नाही. साहेब चिठ्ठ्यांपुरतं वाचतात आणि सही करतात. (साहेबांचे साहेब नुसत्या चिठ्ठ्या बघतात.) आजवर एकही फाईल परत आलेली नाही.

कादंबरीपर्यंत मी पोचलो तो मुलीमुळे. मुलगी सोळा वर्षांची. गेले आठ महिने ती माझ्याशी "हं", "नको" आणि "माहितीये" या तीन शब्दांवर भागवत होती. पूर्ण वाक्य एकदाच बोलली. "बाबा, माझ्या खोलीतला पंखा खडखडतोय, बघ ना जरा." मी म्हणालो, "बघतो." (हे वाक्य मी जमेस धरत नाही, कारण ते पंख्याविषयी होतं. बापलेकीचं बोलणं म्हणजे कसं, मनातलं, आतलं काहीतरी हवं.) हीच पोरगी पूर्वी माझी चाहूल लागली की जिन्यापर्यंत धावत यायची. आता माझी चाहूल लागली की तिच्या खोलीची कडी लागायची. त्या कडीच्या आवाजाने मला रोज वाईट वाटायचं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

कडीआड ती एक मालिका बघायची. तेव्हा जो तो तीच मालिका बघत होता. एक मुलगी वयात येते, घरच्यांशी भांडते, जगाशी भांडते, मग शहाणी होते. दहा भाग. एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेली. मालिकेची वर्गणी माझ्या नावावर होती आणि ती तीन मोबाईलवर चालायची: एक मुलीचा, एक बायकोचा आणि एक बायकोच्या भावाचा. (मेहुणा पलीकडच्या गल्लीत राहतो, पण काही चांगलं चाललेलं असलं की तो आमच्याच घरातला असतो.) चौथ्या मोबाईलवर, म्हणजे माझ्या, "मर्यादा संपली आहे" असं यायचं. तसं ते मला घरात बऱ्याच बाबतीत सांगण्यात येतं.

आमच्या विभागात टपाल घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे आवकबाई म्हणतात. मी त्यांच्यापाशी मालिकेचा विषय काढला.

"मालिका मी बघत नाही," त्या म्हणाल्या. "मी मूळ वाचलंय." हे त्या अशा थाटात म्हणाल्या, की कादंबरीच्या बाळंतपणाला जणू त्याच हजर होत्या. "तुम्ही त्यातला बाप वाचा. काय देवमाणूस आहे. त्याचीही मुलगी आधी बोलत नसते. शेवटी त्याच्या गळ्यात पडून रडते."

मला गळ्यात पडणं वगैरे नको होतं. चौथा शब्द मिळाला असता तरी पुष्कळ होतं. त्याच दिवशी मी वाचनालयातून कादंबरी आणली. चारशे बारा पानं. फाईलच ती. मग मी फायलीचंच तंत्र लावलं: बाप जिथे बोलतो तिथे पिवळी चिठ्ठी. अकरा चिठ्ठ्या लागल्या. ती अकरा वाक्यं मी पाठ केली, प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीने शेरा लिहायला जागा ठेवली आणि पुस्तक गादीखाली सरकवलं.

पहिली चिठ्ठी, पान एकतीस. रविवारी सकाळी मी स्टूल घेऊन मुलीच्या दाराशी बसलो आणि दाराला पाठ टेकून म्हणालो, "तू दार लावून घे, बाळा. मी बाहेर बसतो. वाटेल तेव्हा उघड." तिला ते लगेचच वाटलं, कारण तिचा क्लास होता. दार आत उघडतं हे मी विसरलो होतो. मी स्टुलासकट आत गेलो.

"काय करतोयस?" ती म्हणाली.

दोन नवे शब्द. मी पडल्या पडल्या खूश झालो. चिठ्ठीवर लिहिलं: "बोललो. दोन शब्द वसूल. कंबर दुखावली."

दुसरी चिठ्ठी मी जेवताना काढली. "तुझ्या वयात मीही फार चुकलो होतो. एक दिवस सगळं सांगेन."

मुलीचा घास हातातच राहिला. तिने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"काय चुकलात?" बायकोने विचारलं.

याचं उत्तर त्या पानावर नव्हतं. मी घाईघाईने पाचव्या चिठ्ठीवर उडी मारली. "वेळ आली की कळेल."

"कधी येणारे वेळ?"

"माझ्यावर विश्वास ठेव," मी म्हणालो. ही आठवी. मग मी ताक आहे का विचारलं आणि तो विषय तिथेच तुंबला.

बुधवारी मी तिसरी आणि चौथी एकदम वापरली, कारण काम मागे पडत होतं. मुलगी खिडकीशी उभी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "हे घर भिंतींचं नाही, तुझं आहे. माझं इथे काय आहे? मी आज आहे, उद्या नाही." मुलीने खांदा अलगद काढून घेतला आणि आईला हाक मारली. नेमकं त्याच दिवशी कचेरीने सगळ्यांच्या राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला होता. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "अगं, घराचे कागद कुठे आहेत?"

आत भांडं पडलं.

गुरुवारी मी घरी आलो तर मेहुणा माझ्या खुर्चीत बसलेला. "बसा दाजी," तो म्हणाला. स्वतःच्या घरात 'बसा' ऐकलं की समजावं, ग्रह फिरले. समोर बायको, तिचे डोळे सुजलेले. मुलगी भिंतीला टेकून उभी.

"घराचे कागद माझ्याकडे आहेत," मेहुणा म्हणाला. "सुरक्षित. आता सांगा, कुणाला विकताय?"

"काय?"

"घर."

"कोण?"

"कोण ते तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. "मला फक्त एवढंच विचारायचंय, ती कचेरीतली आहे का?"

"कोण ती?"

"बघ दादा, 'ती' आहे हे तरी कबूल केलं."

मी मुलीकडे बघितलं. मला वाटलं, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, एकही ठपका नाही, आणि इथे माझी मुलगी माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघतेय.

"बाबा," ती म्हणाली, "सहाव्या भागात काका हेच सगळं बोलतो."

"कुठला काका?"

तिने सांगितलं ते असं. मालिकेत बाप पहिल्या सात मिनिटांतच मरतो. पुढे दहाही भाग तो भिंतीवर फोटोत. मग त्या घरी त्याचा एक मित्र येऊ लागतो, फार गोड बोलणारा. मुलीच्या दाराशी बसतो, मीही चुकलो होतो म्हणतो, हे घर तुझं आहे म्हणतो, आणि सहाव्या भागात घर परस्पर विकून दुसऱ्या बाईबरोबर पसार होतो. मालिका काढणाऱ्यांनी बाप मारला, पण त्याची वाक्यं वाया कशाला घालवायची म्हणून ती जशीच्या तशी त्या भामट्याच्या तोंडी दिली होती. (त्यांचंही बरोबरच असेल. बाप चांगला निघाला तर पुढचा भाग कोण बघणार?)

"अगं, ते बापाचं बोलणं आहे," मी म्हणालो. "पुस्तकात बघ."

"कुठलं पुस्तक?"

"गादीखाली आहे."

'गादीखाली' हा शब्द ऐकताच मेहुणा विजेसारखा उठला. त्याने आमची लग्नात मिळालेली गादी एका झटक्यात उलथली. नोटा नाहीत, प्रेमपत्र नाही, दुसऱ्या बाईचा फोटो नाही. निघाली ती वाचनालयाचा शिक्का असलेली कादंबरी आणि तिच्यातून बाहेर डोकावणाऱ्या अकरा पिवळ्या चिठ्ठ्या. मेहुण्याचा चेहरा पडला. मला त्याची दया आली.

मुलीने पुस्तक घेतलं आणि माझे शेरे मोठ्याने वाचले. "'बोललो. दोन शब्द वसूल.' 'आईने मध्येच प्रश्न विचारल्याने काम अपूर्ण.' 'खांद्यावर हात ठेवला. काढून घेतला. पुढील सोमवारी पुन्हा बघावे.'" बायको हसू लागली आणि पदराने डोळेही पुसू लागली. सहाव्या चिठ्ठीपाशी मात्र मुलगी थांबली. ते वाक्य होतं: "तू बोलत नाहीस तेव्हा हे घर फार मोठं वाटतं." खाली माझा शेरा: "बोललो नाही. धीर झाला नाही."

तो तिने मोठ्याने वाचला नाही. पुस्तक मिटलं आणि खोलीत निघून गेली. दार लावलं, पण कडीचा आवाज आला नाही. मी बराच वेळ कान देऊन होतो. (घराचे कागद अजून मेहुण्याकडेच आहेत. सुरक्षित.)

शनिवारी ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. पुस्तक हातात होतं.

"बाबा, चिठ्ठ्या कुठे कुठे लावल्यास?"

"बाप बोलतो तिथे."

"चारशे बारा पानांत तो अकराच वेळा बोलतो."

"हो. एकही सुटलेलं नाही."

"आणि उरलेल्या पानांत तो काय करतो?"

ती मी वाचलीच नव्हती. उरलेली पानं कामाची नव्हती.

"सायकलची चेन बसवतो," ती म्हणाली. "गळणारं छप्पर ठोकतो. तिची चप्पल शिवतो. बोलत काहीच नाही. ती शेवटी रडते ना, ती त्याच्या वाक्यांमुळे नाही रडत. तिला एकदम आठवतं, की तिच्या टेबलावरचा दिवा इतक्या वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता. आपोआप चालत नव्हता तो, असं तिला तेव्हा कळतं."

आठ महिन्यांतलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. मला भरून आलं. इतकं, की ती काय बोलते आहे याकडे माझं लक्ष राहिलं नाही, ती बोलते आहे एवढंच मला ऐकू येत होतं. आणि मग मी पुस्तकात न बघता सहावी चिठ्ठी बोलून गेलो. "तू बोलत नाहीस तेव्हा हे घर फार मोठं वाटतं गं."

"पान एकशे चाळीस," ती म्हणाली. पण हसली. माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि उठून गेली.

सोमवारी मी कचेरीत तरंगत होतो. आवकबाईंना सांगितलं, प्रकरण निकाली निघालं, फाईल बंद. संध्याकाळी जिना चढताना शीळही घातली. घरी आलो तर मुलीच्या खोलीचं दार सताड उघडं, ती मैत्रिणीकडे गेलेली, आणि दारावर माझ्याच गठ्ठ्यातली एक पिवळी चिठ्ठी. अक्षर तिचं होतं. भाषा माझी.

"विषय: पंखा. स्मरणपत्र क्रमांक एक, आठ महिन्यांपूर्वी. क्रमांक दोन, शनिवारी, पुस्तकासह. हे तिसरे. उत्तर तोंडी देऊ नये."

आत पंख्याखाली तिने स्टूल मांडून ठेवलं होतं. मी बाह्या सरसावून आत गेलो. स्टुलावर आणखी एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर वायरमनचा फोन नंबर होता.