उजवीकडचा खिसा

"आठ दिवसांत दुकानापुढे रांग लागणार! लिहून ठेवा!" मास्तरांनी जाहीर केलं.

लिहून कोण ठेवणार? दुकानात मास्तर, काजं करणारी त्यांची बायको आणि शिलाई मशीन, एवढीच मंडळी! हल्ली जो तो तयार कपडे घ्यायचा, आणि मास्तरांकडे यायचा तो फक्त पँट आखूड करायला. शेवटी मुलीनं बजावलं होतं, "बाबा, एक महिना. गिऱ्हाईक वाढलं नाही तर दुकान बंद करायचं आणि घरी आराम करायचा." आराम! नुसता शब्द ऐकून मास्तरांची पाठ दुखायला लागायची.

म्हणून हा घाट. शर्ट शिवायचा व्हिडिओ करायचा आणि टाकायचा इंटरनेटवर. लोक हातातली सफाई बघतील आणि धावत येतील! मास्तरांनी मोबाईल रिळांच्या डब्याला टेकवला, तोही स्वतःचा चेहरा समोर दिसेल असा, कारण आपण कसे दिसतोय ते बघितल्याशिवाय त्यांना शब्दच फुटेना. मग मात्र जी गाडी सुटली! खडू, कात्री, कॉलर, खिसा, बटणपट्टी, सगळं अकरा मिनिटांत!

"अहो, जरा हळू सांगा की," बायको म्हणाली. "लोकांना कळायला नको?"

"ज्याला झेपत नाही त्यानं तयार शर्ट घ्यावा!"

चार दिवसांत व्हिडिओखाली ही गर्दी! मास्तर चष्मा पुसून वाचायला बसले. एकानं लिहिलं होतं, 'तुमच्यासारखं कापायला गेलो, मनगट धरलं.' दुसऱ्यानं, 'बायको म्हणते, बटणं बायकांच्या शर्टासारखी लागली.' तिसऱ्यानं तर फोटोच टाकला. खिसा उजवीकडे!

"डोळे फुटलेत का यांचे?" मास्तर भडकले. "तीस वर्षं खिसा डावीकडे लावतोय मी! डावीकडे!"

पण त्याखालीच कौतुकही होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. 'शेवटी कुणीतरी आमच्या हातानं शिकवणारा भेटला! आम्ही डावखुरे तुमचे जन्माचे ऋणी.' मास्तरांना ओ की ठो कळलं नाही. पण कौतुक आहे म्हटल्यावर नाही कशाला म्हणा? त्यांनी प्रत्येकाला 'आभारी आहे' लिहून टाकलं.

संध्याकाळी मुलीनं व्हिडिओ पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, मागच्या पाटीवरची अक्षरं बघा! आरशात दिसतात तशी उलटी! तुम्ही डाव्या हातानं कापताय आणि खिसा उजवीकडे लावताय, असं दिसतंय. आधी काढून टाका हे."

"उद्या काढतो," मास्तर म्हणाले. एवढं कौतुक काढून टाकायला जीव होईना हो!

आणि दुसऱ्या दिवशी दारात एक पोस्टमन उभा. अंगात स्वतः शिवलेला शर्ट, एक बाही लांब, एक आखूड, आणि उजवीकडे झकास खिसा! "मास्तर, तुमचा व्हिडिओ बघून शिवला! तुम्ही आमच्यातले, डावखुरे! एकदा तुमचा हात प्रत्यक्ष चालताना बघायचाय."

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर आलेलं गिऱ्हाईक जाणार आणि पाठोपाठ दुकानही. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं, कात्री डाव्या हातात धरली आणि वाकून कापड कापायला सुरुवात केली. कापड नुसतं चावल्यासारखं झालं. मास्तरांनी जोर लावला. कचकन आवाज आला, आणि गळ्यातली लोंबणारी टेप दोन तुकडे होऊन खाली पडली!

"अगंबाई!" बायको सुई टाकून उठली. "अहो भाऊ, हे कसले डावखुरे! यांचा मोबाईल डावखुरा आहे!"

मास्तरांचं तोंड उतरलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोस्टमनदादांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे खिसा चुकून उजवीकडे गेला?"

"चुकून," मास्तर पुटपुटले.

"मग चुकत राहा की मास्तर! अहो, जन्मभर पेन काढताना स्वतःच्याच छातीशी कुस्ती खेळतोय आम्ही! आमचा अडतीस डावखुऱ्यांचा ग्रुप आहे. सगळ्यांना असेच शर्ट हवेत!"

रविवारी अडतीस जण मापं द्यायला आले. रांग लागली, पार कोपऱ्यापर्यंत! मास्तर नव्या टेपेनं मापं घेत होते आणि मुलीकडे मुद्दाम बघत होते. तिनं गुपचूप सगळ्यांसाठी चहा टाकला. दुकान बंद करायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

अडचण एकच. हात ऐकेनात! तीस वर्षांची सवय, खिसा आपला डावीकडेच जाऊन बसायचा. पहिला शर्ट उसवला, दुसरा उसवला, तिसरा उसवल्यावर बायकोनं मोबाईल रिळांच्या डब्याला टेकवला आणि तोच व्हिडिओ लावून दिला.

मास्तर कापड घेऊन मुकाट स्वतःसमोर बसले. थांबवलं, मागं नेलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. शेवटी मोबाईलवरच खेकसले, "अहो, जरा हळू सांगा की!"

बायकोनं काजावरची नजरही उचलली नाही. "ज्याला झेपत नाही," ती म्हणाली, "त्यानं तयार शर्ट घ्यावा!"